डाव्या चाकाची तक्रार

जुनी वस्तु जपणाऱ्या माणसाकडे त्याच्या घरचीं माणसें एका ठराविक नजरेनें पाहतात. त्या नजरेंत थोडें कौतुक असतें, थोडी कींव असते आणि हिशेब पुष्कळ असतो. आमचे वडील बंधु गेलीं कित्येक वर्षें ह्या नजरेचे धनी आहेत. घरांत त्यांना सारे दादाच म्हणतात. म्हणून येथेंहि आम्ही तसेंच म्हणूं.

दादांचें घर शेलूस आहे. शेलू हें कर्जत तालुक्यांतील लहानसें गांव. मध्य रेल्वेवर वांगणी आणि नेरळ ह्या दोन स्थानकांच्या मधलें. एकीकडे माथेरानचा डोंगर, दुसरीकडे उल्हास नदी, मध्यें भाताचीं खाचरें, आणि अलीकडे त्या खाचरांतून भातापेक्षांहि जोमानें उगवूं लागलेल्या इमारती, असा तेथील देखावा आहे. घरामागें पत्र्याची एक पडवी आहे, आणि त्या पडवींत दादांची मोटार उभी असते. ते गोव्यांत नोकरीस असतांना तिकडेच बनलेली 'सॅन स्टॉर्म' नांवाची ही गाडी त्यांनीं घेतली. १९९८ सालीं ती बाजारांत आली तेव्हां देशी बनावटीची क्रीडामोटार म्हणून तिचा बराच बोलबाला झाला होता. अंग फायबरचें, यंत्र फ्रान्समधील रेनो कंपनीचें, १.२ लिटरचें; बसावयास जागा दोघांनाच. दोघांच्या गाडींत तिसऱ्या माणसानें कोठें बसावें, हा प्रश्न वहिनींनीं पहिल्याच दिवशीं विचारला होता. त्याचें उत्तर त्यांना अद्याप मिळालेलें नाहीं. तशा गाड्या मुळांत थोड्या निघाल्या आणि आतां निघतच नाहींत. त्यामुळें दादांची गाडी जुनी होत गेली तसतशी त्यांची तिच्यावरील माया वाढत गेली.

दादांनीं पंचाहत्तरी ओलांडली आहे. गेल्या पाडव्याच्या सुमारास त्यांना कानाचें यंत्र मिळालें. यंत्र आल्यावर दोनतीन दिवस ते लहान मुलासारखे हरखून गेले होते. कौलांवर चालणारा कावळा त्यांना ऐकूं येऊं लागला, फोडणीची चरचर ऐकूं येऊं लागली, आणि वहिनी स्वयंपाकघरांत स्वतःशीं काय पुटपुटतात तेंहि ऐकूं येऊं लागलें. ह्या शेवटच्या लाभाबद्दल मात्र दोघांचें एकमत नव्हतें. चौथ्या दिवशीं नेरळहून भाजी घेऊन परत आल्यावर त्यांनीं जाहीर केलें, "गाडीच्या डाव्या चाकांत कटकट होते."

आम्हीं गाडी चालवून पाहिली. शेलूपासून वांगणीच्या बाजूस सरळ रस्त्यानें दोन मैल गेलों आणि आलों. खिडक्या उघड्या ठेवल्या, कान दिला, कांहीं ऐकूं आलें नाहीं. तरी दादांच्या समाधानासाठीं जवळच्या एका मोठ्या गांवांतील गॅरेजांत गाडी नेली. तेथल्या माणसांनीं दहा मिनिटांत निदान केलें कीं चाकाचें बेअरिंग गेलें आहे. बेअरिंग बदललें, पैसे दिले, गाडी घरीं आली. दुसऱ्या दिवशीं दादा म्हणाले, "कटकट आहेच."

तेव्हां आम्हीं जें बोललों त्याची आठवण आजहि सुखाची नाहीं. आम्ही म्हणालों, "दादा, ती कटकट गाडींत नाहीं, तुमच्या नव्या यंत्रांत आहे." घरांतलीं सारीं हंसलीं. दादाहि हंसले. पण त्यानंतर त्यांनीं त्या आवाजाची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. आणि नेरळला जातांना ते कानांतलें यंत्र काढून खिशांत ठेवूं लागले, असें वहिनींनीं आम्हांस पुढें सांगितलें.

पावसाळा गेला. दादांची दृष्टि मंद होऊं लागल्यामुळें असें ठरलें कीं दसऱ्यानंतर गाडी पुण्यास आमच्या पुतणीकडे न्यावी. पुतणी चालवील, शेजारीं दादा बसतील, खोपोलीवरून घाट चढून दोघें पुण्यास जातील. ती गाडी पाहावयास म्हणून आदल्या महिन्यांत शेलूस आली. घरासमोरच्या खळ्यांत तिनें गाडी फिरवून तोंड बाहेरच्या बाजूस केलें. आम्ही सहज डाव्या अंगास उभे होतों. सुकाणूचें चाक तिनें उजवीकडे पुरें वळविलें, गाडी पुढें सरकली, आणि डाव्या चाकाच्या आंतून स्पष्ट आवाज आला: कट, कट, कट, कट. चाक जसें भरभर फिरे तसा आवाज भरभर येई. सुकाणू सरळ होतांच तो थांबे.

आम्ही खळ्याच्या कडेस तसेच उभे राहिलों. दादा ओटीवर बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत.

आमची चूक आतां सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ दिसत होती. दादा नेरळच्या बाजारांत, अरुंद गल्लींत, गाडी वळवीत असतांना आवाज ऐकत; आम्हीं ती परीक्षिली सरळ रस्त्यावर. जेथें साक्षीदार मुका तेथें आम्हीं साक्ष घेतली आणि फिर्याद खोटी ठरविली.

ह्या वेळीं आम्ही नेरळच्या एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलों. त्यांचें शिक्षण फियाट आणि अ‍ॅम्बेसडर ह्यांच्या पोटाखालीं झालें, आणि १९८३ सालीं मारुति आल्यावर त्यांना अर्धी विद्या नव्यानें शिकावी लागली, असें ते स्वतःच सांगत. त्यांनीं हत्याराला हात लावण्यापूर्वीं प्रश्न विचारले. आवाज वळतांना येतो कीं सरळ जातांना? जोर दिल्यावर कीं पाय काढल्यावर? कोणत्या बाजूस वळतांना? शेवटीं म्हणाले, "साहेब, आवाज केव्हां येतो तें तुम्ही सांगा, कोठून येतो तें मग मी सांगतों."

त्यांनीं आमच्यासमोर निदानाचा जो क्रम मांडला तो येथें देणें वाचकांस उपयोगाचें होईल. कारण हा प्रकार आजच्या बहुतेक लहान मोटारींस लागू आहे. चाकाचें बेअरिंग बिघडलें तर कटकट होत नाहीं. घूं घूं असा भरून राहणारा आवाज येतो, तो वेगाबरोबर वाढतो, आणि गाडी जरा एका बाजूस कलली कीं बदलतो. वळतांना, विशेषतः जोर देऊन वळतांना, ठेका धरून कटकट झाली तर चाकाजवळचा बाहेरचा सांधा झिजला असें समजावें. आणि उजवीकडे वळतांना आवाज अधिक असेल तर बहुधा दोष डाव्या सांध्यांत असतो, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार अधिक पडतो. सरळ रस्त्यावर वेग घेतांना गाडी थरथरली आणि पाय काढतांच थरथर थांबली, तर संशय गिअरपेटीजवळच्या आंतल्या सांध्यावर घ्यावा. आणि पुढें जातां जातां मागचा गिअर टाकल्यावर 'खट्' असा एकच ठोका आला, तर कोठें तरी ढिलाई आहे एवढेंच कळतें. जागा शोधावी लागते.

हा सांधा मुळांत लागतो कशाला, हें समजल्याशिवाय त्याच्या दुखण्याची खोली कळणार नाहीं. बैलगाडीचा आंस सरळ असतो. तुंब्यांत वंगण घातलें कीं चाकाची चिंता मिटली. सायकलचें मागचें चाक ओढतें, पुढचें वळतें. दोघांचीं कामें वेगळीं. परंतु पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी मोटार एकाच चाकाकडून दोन्ही कामें करून घेते. तें चाक शक्ति घेऊन फिरलें पाहिजे, डावीउजवीकडे वळलें पाहिजे, आणि खांचखळग्यांत वरखालींहि झालें पाहिजे. गिअरपेटी मात्र जागची हलत नाहीं. म्हणजे मधल्या दांड्याला दोन्हीं टोकांस, माणसाच्या खुब्याला असतो तसा, उखळीचा सांधा हवा. आणि तोहि असा कीं वाकल्या स्थितींत अखंड फिरत राहील.

हाच पेच एका निराळ्या रूपानें दादांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पूर्वींच सोडविला गेला होता. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ सालीं सुरू झाली. आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्यानें उभारलेल्या त्या मार्गावर चढ भारी आणि वळणें इतकीं तंग कीं ताठ आंसांचें इंजिन तेथें अडखळावें. म्हणून जर्मनींतील ओरेनश्टाइन व कॉपेल ह्यांच्या कारखान्यांतून आलेल्या वाफेच्या चार इंजिनांस क्लिन-लिंडनर पद्धतीचे आंस होते. ह्या पद्धतींत चाकें एका पोकळ आंसावर बसविलेलीं असतात. त्या पोकळींतून दुसरा भरीव आंस जातो, आणि दोहोंची गांठ मधोमध एका गोळ्याशीं पडते. भरीव आंस शक्ति देतो. पोकळ आंस वळण येईल तसा किंचित् तिरपा होतो. दादांच्या अंगणांतून दिसणाऱ्या त्या डोंगरावर लहानपणीं आम्ही कित्येकदां गेलों. परंतु इंजिनाच्या पोटांत असें कांहीं शहाणपण असेल ही शंकाहि आम्हांस कधीं आली नव्हती.

मोटारीच्या बाबतींत पहिला तोडगा म्हणजे सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक ह्याच्या नांवानें ओळखला जाणारा सांधा. आपले मेस्त्री त्याला 'क्रॉस' म्हणतात. मागच्या चाकांनीं ढकलल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या लांब दांड्यास तो असे. त्याची खोड अशी कीं तो वाकला म्हणजे एक बाजू एकसारखी फिरत असूनहि दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवते व दोनदां मागें रेंगाळते. थोड्या कोनांत हें खपून जातें. परंतु वळणाऱ्या चाकास असा हिसका सोसत नाहीं. ह्यावर खरा उपाय अमेरिकेंतील फोर्ड कारखान्यांत काम करणाऱ्या आल्फ्रेड झेप्पा ह्या यंत्रज्ञानें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत काढला. बाहेर घंटेच्या आकाराची वाटी, आंत एक गोल गाभा, दोहोंना वक्र खोबणी, त्या खोबणींत पोलादाच्या सहा गोळ्या, आणि गोळ्यांना जागच्या जागीं धरणारा एक पिंजरा, एवढीच त्याची रचना. सांधा कितीहि वाकला तरी साऱ्या गोळ्या त्या कोनाच्या बरोबर दुभाजकावर राहतात, आणि त्यामुळें दोन्हीं बाजूंची गति सदैव सारखी राहते. १९५९ सालच्या इंग्रजी 'मिनी' मोटारीनें हा सांधा घरोघर पोहोंचविला; आपल्याकडे मारुतीनें.

मेस्त्रींनीं गाडी उचलून पक्क्या घोड्यांवर टेकविली आणि डाव्या चाकामागें दिवा धरला. चाकाच्या आंतल्या अंगास काळ्या ग्रीजचें एक वर्तुळ उमटलें होतें. सांध्यावर पखवाजाच्या अंगासारखा निमुळता, घड्याघड्यांचा रबरी बुरखा असतो; त्याला मेस्त्री 'बूट' म्हणतात. वरून तो धडधाकट दिसत होता. त्यांनीं अंगठ्यानें एक घडी उलगडली, आणि आंत दोन बोटें लांबीची चीर दिसली.

सगळा इतिहास त्या चिरेंत होता. चाक फिरतें तेव्हां आंतील ग्रीज त्या फटींतून बाहेर उडतें. आणि त्याची जागा शेलूच्या रस्त्यावरील पाणी, चिखल आणि रेव घेते. खाचरांतून येणारा तो चिखल भातास अमृत असेल; पण आरशासारख्या गुळगुळीत पोलादास तो विषच. गोळ्या झिजतात, खोबणींस खड्डे पडतात, आणि मग वळतांना प्रत्येक गोळी खड्ड्याच्या कांठावरून उडी मारते. तीच ती कटकट. बूट शेंकड्यांच्या हिशेबाचा, सांधा हजारांच्या; आणि शेंकड्यांची वस्तु वेळीं पाहिली नाहीं म्हणून हजारांची वस्तु गेली. दोष गाडी बनविणारांचा नव्हता. रबराला आयुष्य असतें. चीर पाहण्याचें काम मालकाचें असतें. आणि मालकानें कळविल्यावर तें आमचें होतें.

मग आम्हीं भीतभीत विचारलें, "असेंच घाटांत नेलें असतें तर?" मेस्त्रींनीं हात पुसले. ते म्हणाले, "कदाचित् कांहीं झालें नसतें. नाहीं तर सांधा सुटला असता. मग यंत्राचा सगळा जोर सुटलेल्या बाजूनें वायां जातो. दुसरें चाक ओढत नाहीं. चढावर गाडी उभी राहते, आणि गिअर टाकून धरूं म्हटलें तर गिअरहि धरीत नाहीं. ब्रेकवरच सारी भिस्त. आणि सुटलेला दांडा फिरतां फिरतां ब्रेकच्या नळीस लागला तर—" पुढचें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं. दोनच माणसांची ती गाडी; त्या दोन जागांवर कोण बसणार होतें तें आम्हांस ठाऊक होतें.

दांडा काढण्याचें काम एका सकाळचें होतें. गाडी जमिनीवर असतांनाच, एकानें ब्रेक दाबून धरून, चाकाच्या मध्यावरची मोठी नट ढिली केली. गाडी उचलल्यावर ती सुटत नाहीं. मग गाडी घोड्यांवर घेऊन चाक काढलें, खालचा गोळ्याचा जोड सोडविला, चाकाची धारणा बाहेरच्या बाजूस ओढली आणि दांड्याचें बाहेरचें टोक मोकळें केलें. आंतलें टोक गिअरपेटींतून सोडवितांना थोडें तेल सांडलें. त्यासाठीं परात आधींच खालीं ठेविली होती, व ती वहिनींची होती हें मागाहून उघडकीस आलें. टेबलावर सांधा घासलेटानें धुतला. पिंजरा तिरपा करीत मेस्त्रींनीं एकेक गोळी बाहेर काढली आणि कागदावर ओळीनें मांडली. दोन गोळ्यांची झिलई गेली होती. खोबणींत नख अडकावें असे खड्डे होते. नुसतें नवें ग्रीज भरून भागेल काय, असें विचारतां ते म्हणाले, "आवाज महिनाभर कमी होईल. खड्डा भरत नाहीं." विकावयाच्या गाडींत असें करतात, हेंहि त्यांनीं सांगितलें.

नवा सांधा कोठें मिळणार? ह्या गाडीचा म्हणून मागितला तर दुकानदार हंसतील. परंतु दांत्यांची संख्या, दांड्याचा व्यास, वाटीचें माप आणि चाकांत शिरणाऱ्या टोकाची लांबी हीं सर्व जुळलीं तर सांध्यास गाडीचें नांव ठाऊक असण्याचें कारण नसतें. म्हणून तो दांडा गोणपाटांत गुंडाळून आम्हीं मांडीवर घेतला आणि शेलूहून लोकल पकडली. एका प्रवाशानें हें कोणतें वाद्य असें विचारलें. ऑपेरा हाउसजवळच्या मोटारसामानाच्या दुकानांतून फिरलों, मग कुर्ल्यास गेलों. पांचव्या दुकानांत एका गृहस्थांनीं दांते नखानें मोजले, माप लावलें, आंत जाऊन तीन सांधे आणले, दोन परत ठेविले आणि तिसरा आमच्या दांड्यावर सरकविला. तो असा बसला कीं जणूं एकाच आईचीं लेकरें. त्यांनीं बूट, पट्टे, कडी आणि नवी नटहि दिली. जुनी नट पुन्हां वापरूं नका असें बजाविलें.

जोडणींत मेस्त्रींची शिस्त पाहण्यासारखी होती. बूट आधीं दांड्यावर चढवायचा आणि मग सांधा. हा क्रम चुकला तर सारें पुन्हां उकलावें लागतें. पुडींतील ग्रीज सगळें भरायचें, त्यांतील बरेंचसें गोळ्यांच्या फटींत. सांधा ठोकून बसविल्यावर तो ओढून पाहायचा. आंतली कडी बसली असेल तर तो सुटत नाहीं. पट्टा आंवळण्यापूर्वीं बुटाची कड किंचित् उचलून आंतली कोंडलेली हवा सोडायची, नाहीं तर बूट फुगतो आणि पुन्हां फाटतो. शेवटीं मोठी नट माप लावून आंवळली आणि तिची कड खोबणींत ठोकून पक्की केली.

संध्याकाळीं गाडी खळ्यांत आणली. दादा शेजारीं बसले, पुतणीनें सुकाणू पुरें उजवीकडे केलें, आणि मळणीच्या बैलासारखी गाडी गोल गोल फिरली. आवाज नव्हता. आम्ही हातांतल्या फडक्यानें घाम पुसला. मग तिनें डावीकडे फेऱ्या घेतल्या. दादांनीं हात वर करून गाडी थांबविली.

"आतां उजवीकडचें ऐकूं येतें," ते म्हणाले.

आम्हांस कांहीं ऐकूं आलें नव्हतें. पुतणीस नाहीं, मेस्त्रींसहि नाहीं. वहिनी दारांत उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्या वेळीं हंसूं नका." आम्ही हंसलों नाहीं. दुसऱ्या दिवशीं मेस्त्रींनीं उजव्या बाजूचा बूट उलगडला. दोन घड्यांत बारीक तडे होते. एक आरपार जाण्याच्या बेतांत होता. सांधा उघडून धुतला. गोळ्या स्वच्छ होत्या, एका खोबणींत मात्र नुकती उमटलेली फिकट रेघ दिसत होती. नवें ग्रीज आणि नवा बूट एवढ्यावर त्या बाजूचें भागलें. दादांना खरोखरच आवाज आला कीं त्यांनीं तर्क केला, हें आम्हीं त्यांना विचारलें नाहीं.

दसऱ्यानंतरच्या रविवारीं दोघें निघालीं. तिसऱ्यास जागा नसल्यामुळें आम्ही कर्जतहून आगगाडीनें पुण्यास गेलों. गाडी बोगद्यांतून बाहेर पडत असतां दादांचा दूरध्वनि आला. खंडाळ्यास चहा घेत होते.

"घाट चढलों," ते म्हणाले. "आवाज नाहीं."

बरें झालें, असें आम्ही म्हणालों. पलीकडे थोडा वेळ कांहीं बोलणें झालें नाहीं. मग ते म्हणाले, "यंत्र कानांतच आहे हो."